ब्रेक ऑइलची गळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. टाकीतली पातळी उतरली तर कारणं दोनच: ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन पुढे सरकतो आणि मागची जागा तेलाने भरते. पण ही उतरण महिनोन्‌महिने चालते. आठवड्याभरात पातळी ‘मॅक्स’वरून ‘मिन’वर आली तर गळती आहे असंच धरा. वरून तेल ओतत राहिल्याने फक्त शोध लांबतो. पेडल तळाला टेकत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करून न्या.

आधी पेडल तपासा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, मग हलक्या पण एकसारख्या जोराने अर्धा मिनिट धरून ठेवा. पायाखालून ते हळूहळू खाली जात असेल, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधले (पेडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपातले) रबर सील गेलेत. सील आतल्या आत गेले असतील तर पातळी उतरत नाही, म्हणून हा दोष बरेच दिवस लपून राहतो. पेडलवर पाय असताना इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली जातं, तो बूस्टरचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा, परिणाम. त्यात दोष नाही.

मग रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळसर असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. बोटाला बुळबुळीत लागतं आणि पाण्याने धुऊन जातं. इंजिन ऑइल नुसत्या पाण्याने जात नाही. हातमोजे घाला, आणि हे तेल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, कारण ते रंग उडवतं.

डाग चाकाजवळ असेल तर चाक काढा. जागा सपाट हवी, उरलेल्या चाकांना अडण लावा, गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. कॅलिपरचा पिस्टन, होसची (रबरी नळीची) दोन्ही टोकं आणि निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पुसून कोरडं करा, कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि कुठे ओल येते ते पाहा. मागे ड्रम ब्रेक असेल तर ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या (आतले ब्रेक शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड हलकेच उचला. आत नुसता ओलसरपणा चालतो, थेंब गळला तर सिलिंडर बदला. लोखंडी पाइप बहुधा क्लिपखाली गंजतो, तिथे बोट फिरवा.

चारही चाकं कोरडी असतील तर पेडलच्या वर, दांडा जिथे आत शिरतो तिथे पाहा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की तेल बूस्टरमध्ये उतरतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. अशा वेळी चोर क्लचकडेही सापडतो.

दुरुस्तीत काटकसर नको. बँजो बोल्ट (होस कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) उघडला की तांब्याचे वॉशर नवेच घाला. होस जोडीने बदला. फुटलेल्या पाइपला टेप किंवा सीलंट लावू नका, नवा पाइप टाका. तेलात भिजलेले पॅड किंवा शू धुऊन वापरता येत नाहीत, दोन्ही बाजूंचे बदला.

शेवटी एअर, म्हणजे पाइपांत शिरलेली हवा, काढा. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच तेल घ्या, तेही बंद बाटलीतलं, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलचे, डॉट ५ सिलिकॉनचं. ते यांच्यात मिसळू नका. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवा. मदतनीसाने पेडल दाबून धरलं की निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच पेडल सोडायला सांगा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा आणि मध्येमध्ये टाकी भरत राहा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत असतो. एबीएसमध्ये (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरली असेल तर स्कॅनर (गाडीला जोडायचं तपासणी यंत्र) लागू शकतो, ते काम गॅरेजचं.

पेडल कडक लागलं की ते जोरात दाबून प्रत्येक जोड पुन्हा पाहा, मग मोकळ्या जागेत अगदी हळू वेगात ब्रेक तपासा.