कल्पनारम्य कादंबरी आणि स्त्रीवादी समीक्षा शेजारी ठेवून टिपण कसे लिहावे

कल्पनारम्य कादंबरीवर स्त्रीवादी दृष्टीने लिहायला बसलेला वाचक बहुतेक वेळा समीक्षेतल्या संकल्पना हाती घेऊन कादंबरीची तपासणी सुरू करतो, किती स्त्रीपात्रे सक्षम आहेत याची मोजदाद करतो आणि शेवटी गुण देऊन मोकळा होतो. अशा टिपणात कादंबरी वाचल्याचा आनंदही उरत नाही आणि समीक्षेचा कसही लागत नाही. म्हणून आधी कादंबरी पूर्ण वाचावी आणि समीक्षा उघडण्यापूर्वी, जे आवडले, जे खुपले, जे कळले नाही, ते पाचसहा ओळींत उतरवून ठेवावे. अभ्यासकाचा युक्तिवाद एकदा मनात ठसला की आपली मूळ प्रतिक्रिया कोणती होती हे सांगणे अवघड होते. पुढे मत बदलले, तर ते कोणत्या प्रसंगामुळे किंवा कोणत्या मुद्द्यामुळे बदलले, हेही टिपणात सांगावे.

सरावासाठी अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी या कल्पनारम्य कादंबरीमालिकेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण इथे लेखिकेनेच आपल्या जगाकडे पुन्हा वळून पाहिले आहे. १९६८ च्या पहिल्या कादंबरीत रोक बेटावरच्या जादूविद्यालयात फक्त मुलग्यांना प्रवेश आहे, आणि बायकांची जादू दुबळी व दुष्ट असते अशी गाँट या बेटावरच्या लोकांत म्हणच आहे. तिसरी कादंबरी १९७२ साली आली आणि चौथी, ‘तेहानू’, थेट १९९० साली. मधल्या अठरा वर्षांत स्त्रीवादी समीक्षा विद्यापीठांत स्थिरावली होती. जुन्या साहित्याकडे नव्या नजरेने परत पाहणे हा स्त्रियांच्या तगून राहण्याचा प्रश्न आहे, असे अमेरिकी कवयित्री एड्रियन रिच यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले होते. हा निबंध आणि ‘तेहानू’ एकापाठोपाठ वाचावे.

त्यानंतर संपूर्ण कादंबरीवर न लिहिता एकच प्रसंग निवडावा. ‘तेहानू’मध्ये तेनार ही मध्यमवयीन शेतकरी विधवा आहे. तिचा समुद्रावर गेलेला मुलगा परत येतो, आयते जेवतो आणि नंतरची आवराआवर हे बायकांचे काम समजून तिला हात लावत नाही. एके काळचा महान जादूगार गेड मात्र, सगळी शक्ती गमावल्यावर, त्याच स्वयंपाकघरात ते काम करतो. ड्रॅगन असलेल्या कादंबरीत खरकट्या ताटांना एवढी जागा का मिळाली, हा प्रश्न धरून लिहिले की घरकाम, सत्ता आणि पराक्रम यांविषयीचे सिद्धान्त आपोआप कामाला येतात. आपल्या घरातल्या जेवणानंतरची आवराआवर मराठी वाचकाला इथे आठवली, तर तेही लिहावे. ते या वाचनाचाच भाग आहे.

प्रश्न उलट दिशेनेही विचारावा, आणि माझ्या मते नव्या वाचकाकडून सर्वाधिक राहून जाते ते हेच. १९७१ च्या दुसऱ्या कादंबरीत तेनार अटुआनच्या भूमिगत चक्रव्यूहाची पुजारीण असते. बाहेरून आलेला पुरुष, म्हणजे गेड, तिला मुक्त करतो, असा आक्षेप सहज घेता येतो. पण त्या अंधारात गेडला पाणी आणून देऊन जगवते तीच, आणि आपली देवस्थाने सोडण्याचा निर्णयही तिचाच असतो. ‘सुटका’ या कल्पनेत हे परस्परावलंबन बसत नसेल, तर समीक्षेची चौकट तोकडी पडते असे स्पष्ट लिहावे. पुढे तेनार जादूविद्येचे शिक्षण सोडून आपणहून संसार निवडते, तेव्हा हीच अडचण अधिक टोकदार होते आणि तिथे घाईने निवाडा देऊ नये.

पहिल्या पुस्तकांत आपण पुरुषकेंद्री वीरकथेची परंपरा चालवली, हे ले ग्विन यांनी १९९२ मधल्या ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सांगितले. ते व्याख्यान सर्वांत शेवटी वाचावे, कारण लेखिकेचा खुलासा आधी वाचला की आपण तोच गिरवत बसतो.

भाषेसाठी ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची ‘स्त्रीपुरुषतुलना’ जवळ ठेवावी. स्त्रियांवर ठेवलेला एकेक दोष उचलून तो पुरुषांच्या वर्तनाशेजारी मांडण्याची त्यांची रीत आजही उपयोगी आहे, आणि त्यासाठी त्यांना जड परिभाषा लागली नाही. टिपणात ‘पितृसत्ता’ हा शब्द आला, तर तो कादंबरीतल्या कोणत्या कृतीला, कोणत्या संवादाला उद्देशून आहे, हे त्याच परिच्छेदात दाखवावे. दाखवता येत नसेल, तर ते वाक्य काढून टाकावे.