नदीकाठच्या संस्कृतींची तुलना करताय? मग या चुका टाळा

परवा रात्री साडेदहाला भाचीने व्हॉट्सॲपवर तिच्या प्रोजेक्टचा फोटो टाकला, "मामा, बघ ना बरोबर आहे का, उद्या द्यायचंय." चार कॉलम, इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू, चीन, आणि खाली नदी, राजा, लिपी, इमारत, शेवट असे रकाने. मजा म्हणजे शेवटचा रकाना सोडला तर एकेक गोष्ट सुटी घेतली की बरोबर होती, पण शेजारी शेजारी ठेवली की गडबड. मी काही वर्षं स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर इतिहास शिकवलाय, तिथली मोठी मोठी पोरं पण हाच तक्ता काढायची आणि याच चुका करायची.

सगळ्यात मोठी चूक काळाची. राजाच्या रकान्यात इजिप्तला खुफू आणि मेसोपोटेमियाला हम्मुराबी. आता खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा आणि हम्मुराबीची कारकीर्द इ.स.पू. १७९२ ते १७५०, म्हणजे मध्ये साडेसातशे वर्षांहून जास्त गेलीत, आणि हडप्पाची शहरं भरात होती ती इ.स.पू. २६०० ते १९००, त्यामुळे हम्मुराबीचे कायदे दगडावर कोरले जात होते तेव्हा मोहेंजोदडोचा बहर कधीच ओसरला होता. चीनच्या कॉलममध्ये शांग घराणं आणि हाडांवरची लिपी, ती शांगांच्या राजधानीतली, आन्यांगची हाडं साधारण इ.स.पू. १२५० पासूनची! चीनमधलं हडप्पाच्या जोडीला बसेल असं काही हवं असेल तर ल्यांगझू घ्या, इ.स.पू. ३३०० ते २३००, भातशेती, बंधारे, जेडच्या सुंदर वस्तू, फक्त ते यांगत्सेच्या खोऱ्यात आहे, पिवळ्या नदीवर नाही.

उपाय सोपा आहे. तक्त्याच्या आधी एक आडवी रेघ मारा, १ सेंटीमीटरला १०० वर्षं, आणि प्रत्येक गोष्ट तिच्यावर टाका. (इ.स.पू. उलटं मोजतात हे सगळ्यांना "माहितीये सर" असतं आणि तरी पेपरात १९०० आधी आणि २६०० नंतर येतंच.)

याचाच चुलत भाऊ म्हणजे फॉरवर्डवाली चूक, "आपली संस्कृती ९००० वर्षं जुनी, इजिप्तची फक्त ५०००." इथे आपल्या बाजूने बलुचिस्तानातलं मेहरगड धरलेलं असतं, जे इ.स.पू. ७००० च्या सुमाराचं मातीच्या घरांचं खेडं आहे, आणि त्यांच्या बाजूने थेट नारमेरचं, म्हणजे इजिप्तचा पहिला राजा मानतात त्याचं, एकसंध राज्य. अरे, खेड्याशी खेडं लावा ना! पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोचा दगडी बुरूज इ.स.पू. ८००० च्या आसपासचा आहे मग.

आता नदी. "नदीच्या पुरामुळे सुपीक जमीन मिळाली" हे वाक्य चारही कॉलममध्ये कॉपी पेस्ट केलेलं असतं, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. नाईलला पूर यायचा इथिओपियातल्या पावसाचा, जुलैपासून पाणी चढायचं, सप्टेंबरनंतर ओसरायचं आणि ओल्या गाळात पेरणी करायची, आपल्या रब्बीसारखीच वेळ, नदीच जणू शेतकऱ्याचं कॅलेंडर बघून वागायची. मेसोपोटेमियातल्या टायग्रिस युफ्रेटिसचं बरोबर उलटं, त्यांना पाणी यायचं डोंगरातला बर्फ वितळला की, एप्रिल मे मध्ये, म्हणजे जव कापणीला आलेलं असताना, आणि पेरणीच्या वेळी नदी खाली गेलेली. मग बांध घाला, कालवे काढा, दरवर्षी गाळ उपसा, त्यासाठी माणसं गोळा करा, त्यांच्या धान्याचा हिशोब ठेवा. वर परत मीठ! पाणी देत राहायचं आणि निचरा नाही, की जमीन क्षारपड होते, सांगली कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात कुणालाही विचारा. दक्षिण मेसोपोटेमियात गव्हापेक्षा जवावर भर होता त्यामागे हे एक कारण धरतात, कारण जव खारटपणा जास्त सोसतो.

सिंधूकडे पूर उन्हाळा पावसाळ्यात, त्यामागून गहू जव. पण धोलावीरा बघा, कच्छच्या रणातल्या खदिर बेटावर, मोठी नदी नाहीच, मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे अडवून दगडी टाक्यांत पाणी साठवलेलं. म्हणजे "नदीकाठची" हा शब्दही जरा जपूनच वापरायचा.

नकाशावरची एक फालतू पण हमखास चूक: वरचा इजिप्त नकाशात खाली असतो. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, वरचा म्हणजे वरच्या अंगाचा.

"सिंधू संस्कृतीत राजा नव्हता, युद्ध नव्हतं, सगळे शांतताप्रिय." असं ठामपणे लिहू नका. लिपी अजून वाचता आलेली नाही, चारशेच्या आसपास चिन्हं, एकेका लेखात सरासरी पाचेक, आणि रोझेटा शिळेसारखा दोन भाषांतला मजकूर सापडलेला नाही. ती शिळा १७९९ मध्ये मिळाली आणि तिच्या आधाराने शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये इजिप्तची लिपी उलगडली, आपल्याकडे तसं काही हाती लागलेलं नाही. मोहेंजोदडोचा तो 'पुरोहित राजा' पण साडेसतरा सेंटीमीटरचा पुतळा आहे, पदवी उत्खनन करणाऱ्यांनी दिलेली. उलट मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या आग लागली तरी भाजून अजून पक्क्या होतात, म्हणून तिथल्या उधारीचे हिशोबसुद्धा आपल्याला माहिती. सिंधूबद्दल छातीठोक सांगायचं तर विटांचं १:२:४ प्रमाण, ठरावीक वजनं, गटारं, हे सांगा.

आणि कॉलमच्या मधली रेघ! जणू या संस्कृतींचा एकमेकींशी संबंधच नव्हता. सारगॉन, इ.स.पू. २३०० च्या आसपासचा मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा, त्याच्या लेखात फुशारकी आहे की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात, मेसोपोटेमियातल्याच उर शहराच्या थडग्यांत इकडचे कार्नेलियनचे मणीही निघालेत. तक्त्यात 'संबंध' असा रकाना कुणीच ठेवत नाही.

सिंधूच्या शेवटच्या रकान्यात भाचीने लिहिलेलं, "आर्यांच्या आक्रमणामुळे नष्ट". हे पुरातत्त्वज्ञ व्हीलरचं जुनं मत, त्याने पुराव्याला धरलेले मोहेंजोदडोचे सांगाडे एकाच वेळचे नाहीत हे नंतर दिसलं. शहरं ओस पडली, पाऊस कमी झाला, नद्या सरकल्या, माणसं मात्र कुठे गायब होतायत? श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर मिळालाय, आणि १९७४ मध्ये तिथेच ब्राँझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडले (त्यांच्या काळावरून वाद आहे, ते पण लिही म्हटलं). हे सगळं रकान्यात मावेना, तेव्हा तिने 'नष्ट' वर व्हाइटनर मारला आणि खाली अजून एक कागद चिकटवला.