साधे, पोटाला आधार देणारे पदार्थ घरी करताय? या चुका टाळा

दमून घरी आल्यावर, सर्दीने डोकं जड झाल्यावर किंवा उगाच मन खट्टू असताना जे खावंसं वाटतं, ते बहुतेक वेळा अगदी साधं असतं. वाफाळतं सूप, मऊ भात, लोणी घालून घोटलेला बटाटा, भरपूर चीज घातलेली मॅकरोनी, लुसलुशीत स्क्रॅम्बल्ड एग्ज, दुधात शिजवलेला गोड भात. साहित्य चार-पाच जिन्नसांचं, कृती जेमतेम सहा ओळींची. झणझणीत रश्शात थोडं इकडचं तिकडे झालं तर मसाला सांभाळून घेतो. दूध तळाला लागलं, तर तो वास मात्र गोड भाताच्या शेवटच्या घासापर्यंत पिच्छा सोडत नाही.

हे पदार्थ नीट पाहिले तर ते मुख्यतः दोनच गोष्टींवर उभे असतात. तांदूळ, बटाटा, पास्ता, मैदा यांतला स्टार्च आणि दूध, चीज, अंडी यांतली प्रथिनं. स्टार्चला भरपूर पाणी आणि पुरेसा वेळ लागतो. प्रथिनांना मंद आच लागते आणि गॅस वेळेवर बंद झालेला लागतो. घाईत आपण नेमकं उलटं करतो. भात लवकर उतरवतो आणि अंडी मोठ्या आचेवर ठेवून फोन बघतो. म्हणून माझं ठाम मत आहे की रेसिपी फसली तर पुढच्या वेळी साहित्य बदलण्याआधी आच बदलून पाहा.

रेसिपीतल्या मिनिटांवर विसंबणं

सर्वात जास्त फसवणूक कांद्याबाबत होते. ‘कांदा पाच-दहा मिनिटं परतून गडद सोनेरी करा’ असं कितीतरी रेसिपींमध्ये लिहिलेलं असतं. सुपासाठी कांदा खरोखर गडद, गोडसर, जॅमसारखा मऊ व्हायला मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं लागतात. दहा मिनिटांत तो कडेने करपतो आणि आत कच्चट राहतो. घाई असेल तर तो पदार्थ त्या दिवशी करूच नका, दुसरा करा. चिमूटभर सोडा घालून कांद्याचा रंग लवकर आणता येतो, पण कांद्याचा लगदा होतो.

भांड्याच्या आकाराकडेही फारसं कुणी लक्ष देत नाही. पसरट भांड्यात पाणी लवकर आटतं, उभ्या भांड्यात उशिरा. त्यामुळे रेसिपी दुप्पट करताना पाणी आणि वेळ डोळे झाकून दुप्पट करायची नसते. द्रव थोडा कमी घ्या आणि लागेल तसा वाढवा. मशरूम किंवा मांसाचे तुकडे परतताना याच्या उलट अडचण येते. कढईत गर्दी झाली की सुटलेलं पाणी वाफ होऊन निघून जायला जागा मिळत नाही. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं आणि तपकिरी रंग येण्यासाठी साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून तुकडे दोन-तीन खेपांत परता.

मापाचंही एक सांगून टाकते. रेसिपीतला कप २४० किंवा २५० मिली असतो, मोठा चमचा १५ मिली आणि लहान चमचा ५ मिली. घरातला चहाचा कप यापेक्षा बराच लहान असू शकतो. सगळं एकाच कपाने मोजलं तर फार बिघडत नाही. काही जिन्नस कपाने, काही ग्रॅममध्ये आणि काही अंदाजाने घेतले की हमखास बिघडतं.

पांढऱ्या सॉसमधल्या गुठळ्या आणि रवाळ चीज

मॅकरोनी-चीज, भाज्यांचं बेक, क्रीमी सूप या सगळ्यांच्या मुळाशी मैदा, लोणी आणि दुधाचा पांढरा सॉस असतो. तो एकदा हाताला बसला की अर्धी लढाई जिंकलीच म्हणायची, म्हणून इथे जरा थांबू.

कोरडा मैदा थेट गरम दुधात घातला तर त्याच्या बाहेरच्या थरातला स्टार्च लगेच फुगून चिकट होतो. पाणी आत पोचत नाही आणि मधलं पीठ कोरडंच राहतं. तीच ती गुठळी. मैदा आधी लोण्यात परतायचा तो यासाठी. लोण्याचं आवरण बसल्यावर पिठाचे कण सुटे राहतात. एक कप दुधाला दोन मोठे चमचे लोणी आणि दोन मोठे चमचे मैदा घेतला तर सॉस मध्यम दाट होतो. मैदा मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. मग दूध थोडं थोडं घाला आणि प्रत्येक वेळी घोटून एकजीव झाल्यावरच पुढचं घाला. सुरुवातीला गोळा होईल, त्याला घाबरू नका.

कच्च्या पिठाची चव राहते ती सॉस दाट झाला की लगेच उतरवल्यामुळे. एक उकळी आल्यावर आणखी चार-पाच मिनिटं ढवळत मंद आचेवर ठेवा. गुठळ्या झाल्याच तर गॅस बंद करून जोरात घोटा, नाही जमलं तर चाळणीने गाळा. मिक्सरमध्येही फिरवता येतो, फक्त भांडं निम्म्याहून जास्त भरू नका आणि सॉस थोडा निवू द्या. गरम द्रवाची वाफ झाकण उडवते आणि हात भाजतो.

आता चीज. चीज घातल्यावर सॉस रवाळ झाला, वर तेल तरंगू लागलं, ही तक्रार फार ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सॉस उकळत असताना चीज घातलेलं असतं. जास्त उष्णतेने चीजमधली प्रथिनं आकसून एकमेकांना चिकटतात आणि स्निग्धांश बाहेर पडतो. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग बारीक किसलेलं चीज मूठमूठ घालत ढवळा. तयार किसलेल्या चीजवर ते चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजचा थर दिलेला असतो, त्यामुळे ते तितकं सुरेख वितळत नाही. तुकडा आणून घरी किसलेला बरा. फार मुरलेलं चीज चवीला उत्तम, पण लवकर फुटतं. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात, म्हणून ते नेहमी गुळगुळीत वितळतं. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं की चवही मिळते आणि पोतही.

पास्ता पूर्ण शिजवून मग सॉसमध्ये घालून बेक केला तर तो फुगून गिळगिळीत होतो. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवा. सॉसही तुम्हाला हवा त्यापेक्षा पातळ ठेवा, कारण मॅकरोनी तो पुढेही शोषत राहते. शिजवलेलं पाणी वाटीभर बाजूला काढून ठेवा. त्यात स्टार्च उतरलेला असतो आणि सॉस घट्ट झाला तर साध्या पाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

टोमॅटो सूप फाटणं

दुधातलं केसीन हे प्रथिन साधारण ४.६ सामूला (सामू म्हणजे पीएच, आंबटपणाचं माप) साकळतं आणि टोमॅटोचा सामू त्याच्याच आसपास असतो. त्यात उष्णतेची भर पडली की दूध फाटणारच. फ्रीजमधलं दूध उकळत्या सुपात ओतण्याऐवजी आधी दुधात पळीभर सूप घालून ते कोमट करा, मग ते मिश्रण गॅस बंद केलेल्या सुपात ढवळत घाला आणि नंतर उकळू नका. दुधाऐवजी घट्ट क्रीम घेतलं तर धोका बराच कमी होतो. दूध घालण्याआधी सुपात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आंबटपणा उतरतो. फेस येईल, तो ओसरू द्या. चिमटीहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते. फाटलेलं सूप मिक्सरमधून फिरवलं की पोत पुष्कळ सुधारतो आणि ते खायलाही हरकत नसते.

चिकट झालेला बटाटा

घोटलेला बटाटा हलका, लोण्यासारखा व्हायला हवा. तो खळीसारखा तार धरू लागला की समजा, मिक्सर लावलेला आहे. पाती बटाट्याच्या पेशी फोडतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि चिकटा तयार होतो. हे उलटवता येत नाही. बटाटा गरम असतानाच मॅशरने दाबा, किंवा किसणीवर किसा, किंवा चाळणीतून दाबून काढा, आणि एकजीव झाला की हात आवरा.

उकडायला बटाटे गार पाण्यातच घाला. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि मधे टणक राहतात. फार लहान तुकडे केले तर ते पाणी पितात, मग लोण्याला जागा उरत नाही. निथळल्यावर बटाटे त्याच गरम भांड्यात मंद आचेवर मिनिटभर हलवून कोरडे करा. ही एक मिनिटाची पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग बटाटा पाणचट का लागतो याचा विचार करत बसतात. आधी लोणी, मग गरम दूध, हा क्रम ठेवा. गार दुधाने बटाटा निवतो आणि घट्ट होतो. पिठूळ जातीचे बटाटे यासाठी योग्य. नवे, मेणचट बटाटे आख्खे उकडून लोणी लावून खायला छान.

चिकट झालाच तर तो थाळीत पसरा, वर चीज घाला आणि वरून खरपूस होईपर्यंत भाजा. किंवा सुपात घाला, सूप दाट होतं.

अंडी: आधी उतरवा

अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांना घट्ट होऊ लागतो, पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी अंडं शिजतं, आणि गॅस बंद केल्यावरही तव्याच्या उष्णतेने शिजत राहतं. स्क्रॅम्बल्ड एग्ज थोडी ओलसर दिसत असतानाच ताटात काढा. ताटात पाणी सुटलं तर ती जास्त शिजली असं समजावं. लहान मुलं, गर्भवती, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी मात्र पूर्ण घट्ट शिजवा.

भात, गोड भात आणि कडधान्यं

भात सारखं झाकण उघडून पाहिल्याने बिघडतो. वाफ निघून जाते आणि वरचा थर टणक राहतो. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकूनच ठेवा, तेवढ्यात ओलावा सगळीकडे सारखा होतो. कोरडा, कच्चट राहिला तर दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून झाकून पुन्हा वाफ आणा. गिच्च झाला तर ढवळू नका, झाकण काढून अगदी मंद आचेवर पाणी आटू द्या.

दुधातल्या गोड भातात साखर आधी घातली तर ती पाणी धरून ठेवते आणि तांदूळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. आधी तांदूळ दुधात पूर्ण शिजवा, साखर शेवटी घाला. दूध तळाला लागलंच तर खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

डाळ किंवा राजमा तासभर उकळूनही शिजत नसेल तर तुम्ही टोमॅटो किंवा लिंबू आधीच घातलं आहे का ते पाहा. आंबटाने साल मऊ होत नाही. जुनं धान्य आणि जड पाणी हीही कारणं असतात. राजम्याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कमीत कमी १० मिनिटं, शक्यतो ३० मिनिटं, खळखळून उकळा. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये मंद तापमानावर कधीही घालू नका, उलट्या-जुलाब होतात. प्रेशर कुकरमध्ये ही भीती नाही.

मीठ जास्त पडलं तर

बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो, हे खरं नाही. बटाटा खारट पाणी पितो, पण उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचं पाणी, दूध किंवा बिनमिठाचा आणखी पदार्थ घालून प्रमाण वाढवणं. जे आटवायचं आहे त्यात मीठ शेवटी घाला. पास्त्याचं पाणी मात्र सुरुवातीलाच खारवा, लिटरला साधारण १० ग्रॅम.

उरलेलं अन्न

हे पदार्थ भरपूर केले जातात आणि उरतातही. भात रात्रभर बाहेर ठेवू नका. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही टिकतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. भलंमोठं भांडं भरून तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो.

दुसऱ्या दिवशी मॅकरोनी किंवा घोटलेला बटाटा गरम करताना थोडं दूध शिंपडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर, मधूनमधून हलवत, आतपर्यंत वाफ येईस्तोवर तापवा.