शेतकरी-लोकप्रतिनिधीचा माग कसा काढावा: विल्यम फिंडली

पेन्सिल्व्हेनियाचे फिंडली विणकर आणि शेतकरी. १७९१–१७९९ आणि १८०३–१८१७ अमेरिकी प्रतिनिधिगृहात. सुरुवात भाषणांपासून नको, जमिनीपासून करा. ते राहत त्या वेस्टमोरलँड काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) करपट आणि खरेदीखतं आधी काढा. ही काउंटी १७७३ मध्ये बेडफर्डमधून निघाली, म्हणून त्याआधीचे कागद बेडफर्डच्या दप्तरात शोधा. मोजणी पर्चमध्ये असते: १ पर्च म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पर्चचा १ एकर. हद्दीची खूण बहुधा एखादा पांढरा ओक. झाड पडलं की भांडण ठरलेलंच! १७९० च्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बायकामुलं नुसते आकडे. ‘फिनली’ असंही स्पेलिंग तपासा, पण शेजाऱ्यांची नावं जुळल्याशिवाय माणूस तोच धरू नका.