पुठ्ठ्याचे रेडिओ-नियंत्रित विमान: पन्हळीची दिशा आणि वजनाचा तोल

खोक्याच्या पुठ्ठ्यापासून विमान बनवताना कटर हातात घेण्यापूर्वी पन्हळीची दिशा पाहावी. दोन कागदांमधल्या नागमोडी थरामुळे पुठ्ठा पन्हळीच्या लांबीत ताठ राहतो आणि आडवा सहज वाकतो. म्हणून पंखातल्या पन्हळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला हव्यात. दिशा उलटी झाली, तर विमानाने वेग घेताच पंख दुमडतो आणि कितीही गोंद ओतला तरी ती चूक भरून निघत नाही.

पंखाची एकूण लांबी 1 मीटर आणि रुंदी 20 सेंटिमीटर धरावी. 3 मिलिमीटर जाडीचा एकपदरी पुठ्ठा त्यासाठी पुरतो. पंख दोन अर्धांत करावा. प्रत्येक अर्ध्याच्या आत, पुढच्या कडेपासून सुमारे 6 सेंटिमीटरवर, 2 सेंटिमीटर उंचीची दुहेरी पट्टी उभी चिकटवावी. वरचा भाग तिच्यावरून वाकवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूने, पुढच्या कडेजवळ बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावर, चमच्याच्या दांड्याने रेघा दाबाव्यात आणि मग पुठ्ठा टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढावा. पन्हळी एकेक करून बारीक करकरत बसतात आणि बाहेरचा कागद न फाटता गोलाई येते. रेघा कापण्यापेक्षा दाबणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते. मागची कड सपाट टेबलावरच चिकटवावी, कारण पंखाला पीळ राहिला की विमान सतत एका अंगाला कलते. दोन्ही अर्ध जोडताना टोके 5 सेंटिमीटर उचललेली ठेवावीत. त्यामुळे केवळ रडर (उभ्या शेपटीचे डावी-उजवीकडे हलणारे पाते) आणि एलेव्हेटर (आडव्या शेपटीचे वर-खाली हलणारे पाते) यांवर विमान वळवता येते. या सांध्यावर सर्वाधिक ताण येत असल्याने तेथे जादा पट्टी द्यावी.

आडवे शेपूट 40 × 10 सेंटिमीटरचे पुरते. एलेव्हेटरच्या बिजागरीसाठी पन्हळीच्या दिशेने एकच कागद कापून दुसरा शाबूत ठेवावा.

2212 आकाराची 1000 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला सुमारे 1000 फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ई.एस.सी. (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), 9 ग्रॅमचे दोन सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची 2200 एमएएचची लिथियम-पॉलिमर बॅटरी बसवून एकूण वजन 800 ग्रॅमच्या आत ठेवावे. ते पेलण्याइतकेच महत्त्वाचे ते कोठे पडते हे आहे. पंखाखाली, पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटरवर, दोन बोटांनी विमान उचलून पाहावे. ते समतल किंवा किंचित नाकाकडे झुकलेले राहिले पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवावी, आणि तोपर्यंत उड्डाणाचा विचारही करू नये.

उड्डाणाआधी जमिनीवर चाचणी घेताना प्रॉपेलर काढलेलाच असावा. ट्रान्समीटरवरची (हातातल्या नियंत्रकावरची) एलेव्हेटरची काडी स्वतःकडे ओढल्यावर एलेव्हेटरचे पाते वर उचलले जाते आणि ट्रान्समीटर बंद करताच मोटर थांबते, याची खात्री करून घ्यावी.

पहिले उड्डाण वारा पडलेला असताना, मोकळ्या व कोरड्या गवतावर करावे. दवाने पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर पंखाची खालची बाजू बोटाने दाबून पाहावी. ती दबली, तर पंख पूर्ण वाळेपर्यंत विमान पुन्हा सोडू नये.