ड्राइव्हची जागा आणि वेग : हंगामाआधी बसवायची तपासणी

शेतकरी उत्पादक कंपनी असो की गावचं सेवा केंद्र, सातबारा, पासबुक, काटापावत्यांचे स्कॅन बहुतेक ठिकाणी एकाच मोफत गूगल खात्यावर चढतात. सोयाबीनची आवक सुरू झाली की एके दिवशी फाइल चढत नाही, आणि मग मेल येणंही बंद होतं. मोफतचे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. त्याच खात्यावर अँड्रॉइड फोनच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप जात असेल, तर तोही यातलीच जागा खातो.

दर सोमवारी काम सुरू करण्याआधी संगणकावर ड्राइव्ह उघडा, डावीकडच्या ‘स्टोरेज’वर क्लिक करा आणि वापरलेला आकडा रजिस्टरात लिहा. मागच्या सोमवारी १०.९ जीबी, आज ११.२, म्हणजे आठवड्याला ०.३. उरलेले ३.८ जीबी या गतीनं साधारण १२ आठवडे पुरतील. हा हिशेब उन्हाळ्यातल्या आकड्यांवर मात्र करू नका. गेल्या हंगामातला सर्वांत जड आठवडा धरा.

त्याच पानावर मोठ्या फाइली वर दिसतात. नको त्या काढल्या तरी जागा लगेच सुटत नाही: ‘ट्रॅश’मध्ये त्या ३० दिवस पडून असतात आणि तोवर मोजल्या जातात. ट्रॅश रिकामा करा. जीमेलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘larger:10M’ टाकलं की १० एमबीवरचे मेल समोर येतात. पण खरी बचत स्कॅनरवर आहे. ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) रंगीत पानात २०० डीपीआय करड्या (ग्रेस्केल) पानाच्या २७ पट कच्ची माहिती असते. साध्या छापील कागदाला २०० करडं भरपूर झालं.

आता वेग. ‘ड्राइव्ह स्लो आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा इंटरनेट लाइनची असते. १०० एमबीची एकच फाइल सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चढवून वेळ टिपा. स्पीड टेस्टमधला ‘अपलोड’ आकडा बघा, डाउनलोड नव्हे. त्याला ८ नं भागलं की सेकंदाला किती एमबी ते कळतं. २ एमबीपीएसवर १०० एमबीला पावणेसात मिनिटं लागणारच. पंधरा लागली, तर दुसरं कुणीतरी लाइन ओढतंय: बहुधा एखाद्या फोनचा फोटो बॅकअप, नाहीतर विंडोज अपडेट. शेकडो सुट्या फाइलींना त्याच आकाराच्या एका झिपपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही धरून चाला.

भारनियमनात लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. ब्राउझरमधून अर्धवट चढलेली फाइल मग पुन्हा चढवावी लागू शकते. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा आणि ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ हे गूगलचं संगणकावरचं ॲप वापरा. इंटरनेट परत आल्यावर ते उरलेलं काम आपणहून पुढे नेतं. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी टास्कबारवरचं त्याचं चिन्ह उघडून रांग संपली का, ते पाहा.

एक गोष्ट हमखास निसटते. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ऑपरेटरनं स्वतःच्या खात्यातून टाकलेली फाइल त्याच्या १५ जीबीत मोजली जाते, कंपनीच्या नाही. तुमचा आकडा निवांत दिसतो आणि त्याचं खातं भरतं. तो नोकरी सोडून गेला, त्यानं फाइली काढल्या, की फोल्डरही रिकामा. फाइलींच्या यादीत ‘मालक’ हा रकाना महिन्यातून एकदा वाचा, आणि नवीन स्कॅन कंपनीच्याच खात्यातून चढवायला लावा.