जुना कॉम्प्युटर बॅकअप ड्राइव्हवरून सुरू करताय? या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळीच्या आडतीवर, जळगावच्या डाळ मिलमध्ये, धुळ्याच्या फोटो स्टुडिओत दहा-बारा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप अजून रोजचं काम ओढताहेत. हिशोब टॅलीत आणि बॅकअप एक्स्टर्नल हार्डडिस्कवर. आतली डिस्क बसली की मालक म्हणतात, "बॅकअप आहे ना भाऊ, त्याच्यावरूनच चालू कर." त्यानंतरच्या घाईत शाबूत असलेला डेटाही जातो, म्हणून हे लिहितोय.

बॅकअप असणं वेगळं आणि त्यावरून मशीन सुरू होणं वेगळं. नुसते फोल्डर कॉपी केलेल्या ड्राइव्हवरून कॉम्प्युटर कधीच सुरू होत नाही, कारण तिच्यावर बूट लोडर, म्हणजे विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्रामच नसतो. विंडोजने बनवलेली सिस्टिम इमेजही (विंडोजसकट डिस्कची बांधून ठेवलेली प्रत) थेट चालत नाही. आधी इन्स्टॉलेशनच्या किंवा रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवायचं आणि मग ती इमेज रिस्टोअर करायची. पूर्ण क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) असला तरी यूएसबीवर विंडोज बहुतेक वेळा लोगोपर्यंत येऊन निळ्या स्क्रीनवर अडकतं. हा क्लोनचा दोष नाही. नेहमीचं विंडोज यूएसबीवरून चालेल अशा बेताने बसवलेलंच नसतं. तो क्लोन नव्या एसएसडीवर उतरवा आणि एसएसडी आत साटा केबलला जोडा. फक्त आजची बिलं हवी असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (विंडोजशिवाय स्वतःवरूनच मशीन चालवणारा) लावा, फाइली काढून घ्या. तेवढ्यावर दुकान चालतं.

ड्राइव्ह लावल्यावर 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' किंवा 'डिस्क इनिशिअलाइज करा' अशी खिडकी आली तर कॅन्सलच दाबा. जुन्या विंडोजला ड्राइव्हचं पार्टिशन वाचता आलं नाही तरी हाच मेसेज येतो. ड्राइव्ह मेली असा त्याचा अर्थ नाही. आधी ती दुसऱ्या, नव्या लॅपटॉपला लावून बघा.

बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं त्या यादीत) ड्राइव्ह दिसतच नसेल तर पोर्ट बदला. बऱ्याच जुन्या बोर्डांवर निळे यूएसबी ३.० पोर्ट वेगळ्या चिपवर असतात आणि विंडोज उघडेपर्यंत ते जागेच होत नाहीत. मागच्या बाजूचे काळे पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टची वायर कॅबिनेटमधून फिरून येते आणि तिथे करंट कमी पडतो. यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो. काही पोर्टेबल हार्डडिस्कना सुरू होताना तेवढा पुरत नाही. टक-टक आवाज येऊन ड्राइव्ह बंद पडत असेल तर वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब लावा. तरीही आवाज थांबला नाही तर ड्राइव्ह लगेच काढा. तशीच चालू ठेवली तर आहे तोही डेटा जाईल.

आता ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्षच जात नाही, ती. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतात, वर लाइट जाते ती वेगळी. भिंतीवरचा करंट नसला की बायोसचं (मशीन उठवणाऱ्या, मदरबोर्डवरच्याच प्रोग्रामचं) घड्याळ याच सेलवर चालतं, त्यामुळे सेल लवकर उतरतो. मग सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते, बूट ऑर्डर पुसलेली असते, आणि काही बोर्डांवर साटा मोड (आतल्या डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जातो. तेवढ्यानेच विंडोज निळ्या स्क्रीनवर पडतं. डिस्क अगदी धडधाकट असते आणि लोक नवी घ्यायला निघतात! तारीख चुकीची दिसली की आधी सेल बदला, बायोसमध्ये साटा मोड पूर्वीचा करा आणि मगच बॅकअपला हात लावा.

बूट ऑर्डर कायमची बदलायचीही गरज नाही. एका वेळेपुरता बूट मेनू पुरतो: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९.

नव्या कॉम्प्युटरवर घेतलेला क्लोन जुन्यावर चालवताना आणखी एक अडचण येते. नव्या ड्राइव्हवर पार्टिशनची नोंद जीपीटी पद्धतीची असते, तर फक्त जुना बायोस असलेल्या मशीनवर विंडोजला सुरू व्हायला एमबीआर ही जुनी पद्धत लागते. एमबीआर २ टीबीच्या पुढची जागा वापरूच शकत नाही. एकुलती एक बॅकअप ड्राइव्ह कन्व्हर्ट करायला घेऊ नका. आधी दुसरी कॉपी काढा, आणि ती यूपीएसवर काढा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना भर दुपारी कॅबिनेटवर ठेवून तासन् तास कॉपी चालवू नका. ड्राइव्ह पंख्याखाली मोकळी ठेवा आणि काम रात्री करा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असलेल्या मशीनवर बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा उघडत नाही. मशीन ठीक चालत असतानाच की कागदावर उतरवून घ्या. त्याच ड्राइव्हवर सेव्ह करून ठेवली तर ऐन वेळी ती कुलपातच राहते.